गिअरच्या तेलाचा मीटर

शनि., ८ नोव्हें.
नांदेड. रौफभाईंच्या गॅरेजवर दिवस गेला. मागच्या महिन्यात गिअरबॉक्सचं तेल जळून काळं झालेलं, म्हणून आज तेलाचं तापमान दाखवणारा मीटर बसवला. सेन्सर नळीत, वायर डॅशबोर्डपर्यंत. रौफभाई म्हणाले, "पंच्याण्णव तक बेफिकीर. एकशे वीसच्या वर गेला की गाडी बाजूला घ्यायची." अण्णांनी मुकाट मान हलवली. तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेले माझे वडील, अपघात न केल्याचा बिल्ला अजून कपाटात! मी गालातल्या गालात हसले.
लेकीला, टिनूला, क्लासच्या होस्टेलवरून घेतलं. लातूरला घरापर्यंत मीच चालवली. ८८.

रवि., ९
अण्णांनी वहीत रकाने आखले. गाव, वेळ, तापमान, चालक. रिटायर झाले तरी डेपो सुटला नाही. नातीला नांदेडला सोडायला तेच गेले. परत आल्यावर वही पाहिली : चाकूर १०४, अहमदपूर ११९, लोहा १२६. चालक – स्वतः.
एकशे सव्वीस? तरी गाडी थांबवली नाही. म्हणे मीटरच खोटा.

मंगळ., ११
टिनूचा फोन. रविवारी मागचा ट्रकवाला सारखा हॉर्न मारत होता, तुमचे ब्रेकलाइट विझतच नाहीत म्हणून. मी रौफभाईंना फोनवर चांगलंच झापलं, तुमच्या वायरिंगचा घोटाळा म्हटलं.
"म्याडम, ब्रेकच्या वायरीला मी हातच लावला न्हाई. उद्या लातूरला येऊनच राहिलो, बघतो."

बुध., १२
रौफभाईंनी सगळं तपासलं. मीटर बरोबर, लाइट बरोबर. मी रिंगरोडला चक्कर मारली, ८९. ते काहीतरी बोलणार होते, अण्णा आले तसे गप्प बसले. मीही खोदून विचारलं नाही.
अण्णांच्या डाव्या पायावर मोठा फोड. आंघोळीच्या कडक पाण्याचा. कधी भाजलं? "काय म्हाईत. कळलंच न्हाई." शुगर आहे, आणि वर हे असं. मलम लावलं, चार शब्द सुनावले.

शुक्र., १४

औशाला मावशीकडे निघालो होतो. अण्णा चालवत होते, मी शेजारी वही घेऊन. १२२. पेन खाली पडलं म्हणून मी वाकले.
उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. डावा ब्रेकवर. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नाही, तो नुसता टेकलेला, क्लचवर ठेवल्यासारखा. चप्पल निसटलेली. मी त्या पायाचा अंगठा दाबला. जोरात दाबला. अण्णा समोर बघून टेंपोला साइड देत होते.
"अण्णा, डावा पाय कुठंय?"
"कुठं म्हंजे? जागेवर हाय."
गाडी कडेला घ्यायला लावली. त्यांनी खाली वाकून पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी पाय उचलून बाजूला ठेवला. "कवापासून आसंल गं?"
मला काय माहीत. महिनाभर टिनू ह्याच गाडीतून येते-जाते. ब्रेक अर्धा दाबूनच गाडी ओढत राहिले; तेल जाळणारे आमचे अण्णाच. राग आला, मग रडू आलं, आणि राग कुणावर काढायचा तेही कळेना.
परत मी आणली. ९१.

शनि., १५, सकाळ
डॉक्टरांची वेळ सोमवारची. रात्री म्हटलं, अण्णा, सध्या गाडी मी चालवते. त्यांनी किल्ली खिळ्यावर अडकवली.
आत्ता किल्ली खिळ्यावर नाही. खिडकीतून दिसतंय, अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसलेत. इंजिन बंद. हात स्टिअरिंगवर.
वही मात्र टेबलावरच ठेवून गेलेत. आजची ओळ त्यांच्या अक्षरात : लातूर, ७.१०. चालकाचा रकाना कोरा.
टिनूचा मेसेज आलाय, "आजोबा मला न्यायला निघाले का?"
मी चप्पल घातली आहे. उत्तर अजून दिलेलं नाही.