उजव्या पायाचं लंगडणं

रविवार, ९ नोव्हेंबर
तळ्यावरचं घर

प्रिय लव्हॉन,

तू आणि ड्वेन बरे असाल अशी आशा. इकडे तळ्याच्या काठाकाठाने बर्फ धरू लागलाय. रानहंस गेले आणि रस्टी खुळ्यासारखा दिवसभर खिडकीशी शेपूट हलवत बसून त्यांची वाट बघतोय. तू फ्रीजरमध्ये भरून ठेवलेलं खिम्याचं हॉटडिश रोज थोडं थोडं गरम करून खाते. मीठ विसरलीस, पण ते आईकडूनच आलंय, तुला काय बोलायचं.

फोनवर सांगायचं होतंस म्हणशील. नाही जमलं. फोनवर तू भराभर ठरवत जातेस, मी ‘हो गं, बरं गं’ करत जाते, आणि फोन ठेवल्यावर मला कळतं की मी माझं घर विकायला काढलंय.

तर घराचंच. मूरहेडचा तो फ्लॅट चांगला आहे, कबूल. तुझ्या घराला लागून, एकही पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांडे, जेवणाची सोय खालीच. येत्या शनिवारी दलाल घर बघायला येणार आणि त्याआधी मी फ्लॅटवाल्यांना हो कळवायचं. तू माझ्यासाठी किती धावलीस ते मला दिसतं, मी काही कृतघ्न नाही. पण हे सगळं तू ठरवलंस ते चर्चच्या जेवणाला माझं चालणं बघून. आणि त्या चालण्याबद्दल मला तुला काहीतरी सांगायचंय. कसं सांगू तेच कळत नाही.

पास्टरीणबाई भेटल्या होत्या. म्हणाल्या, यंदा लुटेफिस्क मासा उरला पण लव्हॉनचं लेफ्सा पहिल्या पंगतीतच संपलं. बाहेरगावची माणसं विचारत होती, बटाट्याची पोळी इतकी पातळ लाटतं कोण? मी म्हटलं, माझी बहीण, पण तिला सांगू नका, आधीच कमी का तोरा आहे.

बघ, पुन्हा टाळलं.

जेवणाच्या त्या शनिवारी मी छान होते, लव्हॉन. अगदी ठणठणीत. सकाळी उठले तर दोन्ही पाय हुकमात. असे दिवस येतात. डॉक्टर म्हणतात, मेंदूने पायाला धाडलेला निरोप कधी झटकन पोचतो, कधी वाटेतच राहतो, एम.एस.चा आजार म्हटला की हे आलंच. तरी मी गाडी चर्चच्या दाराजवळ, अपंगांसाठीच्या जागेत लावली आणि आरशाला माझं निळं कार्ड टांगलं. कारण जाताना मी कशी आहे ते मला कळतं, येताना कशी असेन ते कळत नाही. हे आजवर इतक्यांना समजावलंय की आता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलंय.

जेलीचा वाडगा काखेत मारला आणि तरातरा निघाले. मागून आवाज आला, “अगं बाई! किती छान चालता हो तुम्ही!”

वळून बघते तर हिरव्या कोटातली एक बाई, साधारण माझ्याच वयाची. मी वेडी, थँक्यू म्हणाले.

“नाही, म्हणजे, गाडी तुमचीच ना? कार्ड आईचं वगैरे असेल. मी आपलं उगीच विचारलं हं. मला काही म्हणायचं नाहीये.”

आपल्याकडची माणसं अशीच ना गं. आवाज चढवणार नाहीत. काही म्हणायचं नाहीये म्हणत म्हणत सगळं म्हणून घेतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार, एवढ्यात मला तिचा नवरा दिसला. कबरस्तानाच्या पलीकडे, खडीवर गाडी लावून यावं लागलं होतं त्यांना. नाकात नळी, मागे चाकांवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर. चार पावलं टाकायचा, थांबायचा, आमच्याकडे बघून ओशाळं हसायचा. दाराजवळच्या दोनच जागा, एक आधीच भरलेली, दुसरीत मी. तो आला नसता तर मी तिला चांगलं सुनावलं असतं. आता रागवावं की माफी मागावी, काही सुचेना.

आणि मी लंगडले.

का, ते विचारू नकोस. तोंडाने सांगायचं ते पायाने सांगितलं, झालं. आणि घाईत ओढला कुठला पाय, तर उजवा! माझा अधू पाय डावा आहे, हे तिला काय माहीत. पण मला तरी माहीत असायला हवं होतं की नाही?

वाटलं, दारापर्यंत लंगडायचं आणि सुटायचं. पण आपलं जेवण तुला माहीत आहे. नंबराचं तिकीट घेऊन वर बाकांवर बसायचं, नंबर पुकारला की तळघरात उतरायचं. ती दोघं नेमकी माझ्या मागच्या बाकावर. नंबर पुकारले तेही एकदमच. मग काय, जिन्यावरून उजवा पाय ओढत उतरले, कारण मागे हिरवा कोट होता. आणि समोर तू, अ‍ॅप्रन बांधून, पातळ लोण्याचा जग हातात घेऊन. तुझा चेहरा असा पडला की मला तिथल्या तिथे बसकण मारावीशी वाटली. “अगं, कधीपासून हे?” तू कानाशी येऊन विचारलंस. ती बाई ऐकत होती. मी म्हटलं, “झाले थोडे दिवस.”

टेबलाशी ती माझ्यासमोरच बसली. तू लोणी वाढून पुढे गेलीस तशी वाकून म्हणाली, “मघाशी बोलले त्याबद्दल माफ करा हं. मला दिसलंच नव्हतं.” डोळ्यांत पाणी होतं गं तिच्या. नवरा म्हणाला, “माझ्यापायी ही सगळीकडे असंच करते. मी म्हणतो, सोड ना.” “तुम्ही गप्प बसा आणि मासा खा,” ती म्हणाली, आणि ताटलीतला सगळ्यात चांगला तुकडा माझ्या पानात घातला.

आता तूच सांग. मी खरी होते तेव्हा तिने मला खोटं ठरवलं, आणि मी सोंग केलं तेव्हा माफी मागितली. मी जिंकले की हरले? तो तुकडा मला खाववेना, आणि टाकवेना.

पुढचं तू बघितलंस. म्हणजे बघितलंस असं तुला वाटतं. इतका वेळ बसून उठले तर डावा पाय खरंच गेला. माझा नेहमीचा, नको तेव्हा दगा देणारा. जिना चढताना तू धावत आलीस आणि मला उजवीकडून धरलंस, घट्ट. मी डावीकडे कलंडत होते, लव्हॉन. भिंत होती म्हणून वाचले. तू म्हणत होतीस, “मी आहे ना, टाक माझ्यावर भार,” आणि मला भार टाकता येत नव्हता, कारण तू चुकीच्या बाजूला होतीस. आणि ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मग तू माझ्या गाडीत बसून रडलीस, ड्वेनला फोन केलास, आणि सोमवारी फ्लॅट सापडला.

तर लंगडणं खोटं, पडणं खरं. आता याचं काय करायचं?

बरं, ते तिथे संपलं असतं तर एक. आता दुकानापाशी गाडीतून उतरले आणि कोणी बघतंय असं वाटलं की उजवा पाय आपोआप ओढायला लागतो. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने विचारलं, “आर्लिस, हे उजव्याचं काय नवीन?” मी बुटाची नाडी बांधत बसले. काल तर मी घरात, एकटी असताना, रस्टीसमोर लंगडले. कुत्र्यासमोर! कुठलं दुखणं माझं आणि कुठलं लोकांसाठी, मला खरंच कळेनासं झालंय. मी घाबरले आहे.

आणि एक राहिलं. हे लिहावं की नाही म्हणून दोनदा चहा करून आले.

ईस्टरला मी तुला कळवलं तशी मला सर्दी झाली नव्हती. मी खाली कपडे धुवायला गेले होते, तिथेच पडले, आणि जिन्याशी सरपटत यायला अर्धी दुपार गेली. वरती ओव्हनमध्ये हॅम जळून कोळसा झाला. तुझ्या क्रिस्टनच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गाडी सुरू होईना म्हणाले. गाडी चांगली होती, मी सुरू होत नव्हते. तुला मी फक्त माझे चांगले दिवस दाखवत आले. तू “किती छान दिसतेस गं” म्हणायचीस आणि मला बरं वाटायचं. परक्यांसमोर आजारी दिसायचं, तुझ्यासमोर ठणठणीत. खरी मी कोणालाच दिसलेली नाही बहुतेक.

हे वाचून म्हणशील, मग तर फ्लॅटच बरा. असेलही. मी नाही म्हणत नाहीये. कधी वाटतं, दांडे असलेलं न्हाणीघर म्हणजे सुख. कधी वाटतं, या तळ्याशिवाय मी चार दिवस जगणार नाही. पण जे ठरायचं ते माझ्या खऱ्या पायावरून ठरू दे. त्या हिरव्या कोटासाठी मी जो पाय ओढला, त्याच्यामुळे माझं घर जायला नको.

म्हणून एवढं कर. दलालाला थांबव. फ्लॅटवाल्यांना म्हण, अजून ठरत नाहीये. आणि तू ये. फोन न करता ये. माहीत आहे, आपल्याकडे फोन केल्याशिवाय कोणी कोणाच्या दारात उभं राहत नाही, आईने तर असल्या पाहुण्याला चहासुद्धा विचारला नसता. पण तू फोन केलास की मी सावरून बसणार, किंवा मला पुन्हा सर्दी होणार. आठवड्यातला कुठलाही वार धर. दार उघडंच असतं, रस्टी भुंकेल तेवढाच. कदाचित मी शिडीवर चढून खिडक्या पुसत असेन. कदाचित खाली जमिनीवर असेन. जे असेल ते डोळ्यांनी बघ, हवं तर चार दिवस राहून बघ. मग तू म्हणशील त्यावर मी भांडेन, पण खरं बोलून भांडेन.

आणि मी जिन्यावर दिसले, आणि तुला धरावंसं वाटलं, तर डावीकडून धर.

तुझी धाकटी,
आर्लिस