हेडलाइटची जाड वायर

अरे,

"दिवे मोठे लावताय तर वायरही जाड घाला, नाहीतर तापेल," असं तुझी ती दुकानवाली वर्गमैत्रीण म्हणाली, तेव्हा मीच नाक मुरडलं होतं. म्हटलं, तिला काय, वायरच खपवायची आहे! मग माझ्या दादाने त्याच्याकडची बारीक वायर जोडून दिली.

आत्ता बाळाची टोपी शोधायला गाडीपाशी गेले तर जळका वास. बोनेट उघडलं, तर हेडलाइटच्या वायरीचं प्लास्टिक पार वितळलंय. दिवे अजिबात लावू नकोस.

तू आंघोळीत आहेस, म्हणून जाड वायर आणायला मीच जाते. खरं सांगू? तू गेलास की दोन तास गप्पा, वर ती तुला 'बंड्या' म्हणणार. मला कधी म्हणू दिलंस? तिचं खरं ठरलं, हेही मीच सांगेन. तुझ्या तोंडून ते तिला जरा जास्तच गोड लागेल.

बाळ आईंजवळ खेळतंय. बाहेर आलास की आधी दादाला फोन लाव. त्याने स्वतःच्या गाडीलाही असेच मोठे दिवे लावून तीच बारीक वायर घातली आहे आणि आज तो पोरांना घेऊन लांब निघालाय. माझा फोन उचलत नाही. अंधार पडायच्या आत त्याला गाठ, आणि कुठे आहे ते बघ.