वरचा नाही, खालचा

२८ ऑक्टोबर
तिकीट गेलं. जागा मित्रपक्षाला सुटली, त्यांच्याकडून तालुक्यातले ते डॉक्टर उभे राहणार. सकाळी टीव्हीवरच कळलं, पक्षातून साधा फोनसुद्धा नाही. दहा वर्षं आमदार, त्याआधी जि.प., त्याआधी गावचे सरपंच, आणि निरोप द्यायला टीव्हीवरची ती पोरगी. ह्यांनी चहा अर्धाच ठेवला. अंगणात माणसं जमली होती. "भाऊ, अपक्ष उभे राहा." हे म्हणाले, "पाहतो."
हा ह्यांचा ठेवणीतला शब्द. कोणाची विजेची डीपी जळो, कोणाच्या मुलीची बदली असो, उत्तर एकच. मी स्वयंपाकघराचा ओटा मागितला तेव्हाही हेच. मागच्या खेपेला पक्षाचं चिन्ह होतं तरी शेवटच्या फेरीत कसेबसे निघाले. आता काय होणार?

२९ ऑक्टो.
अर्ज भरला. मिरवणूक, गुलाल, सगळं झालं. मी घरी येऊन चपला काढते तोच रामेश्वर दारात. रामेश्वर म्हणजे ह्यांचा उजवा हात, पण आज तोंड पार पडलेलं.
"वहिनी, अजून एक गजानन ठोसरे फॉर्म भरून गेला."
आपल्याकडे बाजारात उभं राहून 'गजानन' म्हटलं तर दहा माणसं वळतात. शेगाव जवळ, घरटी एक गजानन असायचाच. पण ठोसरेही? म्हणे उंद्रीच्या रस्त्याला त्याची पिठाची चक्की आहे. राजकारणाशी काडीचा संबंध नाही. डॉक्टरच्या माणसांनी शोधून काढला, आपली मतं खायला.
यापुढे ह्या वहीत हे ग. पहिले, तो ग. दुसरा. हसू आलं लिहिताना. लगेच गेलं.

३० ऑक्टो.
छाननीत टिकला मेला.

१ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. हात जोडले आणि मनात काय आलं, तर त्या माणसाने माघार घ्यावी. लक्ष्मीपुढे हे मागणं! माघारीची मुदत सोमवारपर्यंत. त्याच्या घराला कुलूप, चक्की बंद, फोन बंद. कुठेतरी नेऊन ठेवलाय. ग. पहिले दिवसभर कोणाशी नीट बोलले नाहीत. शंकरपाळे तसेच.

३ नोव्हें., नांदुरा
भाऊबीजेला माहेरी आले. खरं तर यायचं नव्हतं, पण काल विजूचा, माझ्या भावाचा, फोन. "ताई, तुह्या नवऱ्याचा जोडीदार इथं स्टेशनासमोर कचोरी खाऊन राह्यला." रामेश्वरने त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता, त्यावरून ओळखला. डॉक्टरच्या माणसांनी लॉजवर उतरवलाय.
ओवाळून झालं तशी विजूला घेऊन गेले. ह्यांना सांगितलं नाही. चहाच्या दुकानात बसला होता एकटाच. साधा माणूस, भुवयांत पीठ असल्यासारखा पांढरा. मी नाव सांगताच उभा राहिला, खुर्ची पुसली.
"बसा वहिनी. काऊन आले, मले माहीत आहे."
मी म्हटलं, भाऊ, उद्या माघार घ्या. तुमचं काही वाकडं केलं का आम्ही?
"नाही ना. पण दहा वर्षांपासून तुमचे फोन मले येऊन राह्यले. नाव एक, लोकं कुठून तरी माझा नंबर काढतात. डीपी जळाली, टँकर नाही आला, पोराले दाखला नाही भेटला. पहिले सांगत होतो, मी तो नव्हे. कोणी ऐकतच नाही. मंग म्हणाले लागलो, पाहतो."
"मग?"
"मंग काही नाही. भाऊही पाहतोच म्हणतात. लोकाइले फरक कळलाच नाही."
विजू हसला. मला रागही आला आणि कानशिलंही तापली. मी परत म्हटलं, माघार घ्या. तर म्हणतो, "फॉर्म त्याइनं भरून देला, पण नाव तर माझंच आहे ना? एक डाव आपल्या नावाले किती मतं पडतात, पाहू द्या की."
मी हात जोडले. बाईमाणसाने हात जोडलेले बघून गडबडला. म्हणाला, "पाहतो, वहिनी."
तिथेच कळलं मला. हा काही माघार घेत नाही.

४ नोव्हें.
नाही घेतली.
चिन्हं मिळाली. ह्यांना कपाट. त्याला फ्रिज. देवा रे. दोन्ही उभ्या पेट्या. मशीनवर दोघं एकाखाली एक: वर ग. दुसरा, खाली ग. पहिले. ओळख पटावी म्हणून नावापुढे गाव घातलंय, तेही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. फोटो आहेत, पण एवढेसे, आणि दोघंही त्यात चोरासारखे दिसतात.

८ नोव्हें.
आजपासून बायकांच्या बैठका माझ्याकडे. सोयाबीन निघालं, पण कापूस वेचणी चालू, त्यामुळे बायका दिवेलागणीलाच सापडतात. मतपत्रिकेचा नमुना हातात धरून घसा फोडते: वरचा नाही, खालचा! फ्रिज नाही, कपाट!
एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "बाई, माह्या घरी दोन्ही नाही. म्या काय ओळखू?"
सगळ्या हसल्या. मीही. घरी येताना गाडीत मात्र तेच डोक्यात. तिने काय दाबायचं, खरंच?

११ नोव्हें.
दुसरबीडहून मावससासूबाईंचा फोन. आपल्या मतदारसंघात मतही नाही त्यांचं, तरी विचारतात, "तुह्या नवऱ्याचं फ्रिज ना?" मी फोन ठेवून रडले थोडी.

१३ नोव्हें.
राणी पुण्याहून आली. लेक आली की घर जरा श्वास घेतं. आली तशी माझ्या चष्म्यावर घसरली: "आई, फोटोत काच चमकते, डोळेच दिसत नाहीत. मतदानाच्या दिवशी काढून ठेव." बापाला नाही बोलली. त्यांना बोलायची सोयच नाही, ते मतदारांपुढे चष्मा लावतच नाहीत, म्हातारा दिसतो म्हणून. काल पत्रिकेचा नमुना हात लांब करकरून बघत होते आणि म्हणाले, "बरोबर आहे." उलटा धरला होता.
संध्याकाळी कार्यकर्ते बसलेले. कोणी म्हणालं, भाऊ, आपल्या गावातही गडबड होऊ शकते. हे एकदम उसळले. "आपल्या बूथवर फ्रिजले एक जरी मत गेलं ना, तर कोणी टाकलं, शोधून काढीन मी. गावात राहू नाही देणार!" मला ह्यांचा आवाज आवडला नाही. पहिल्या निवडणुकीत हाच माणूस हरलेल्याच्या घरी आपणहून पेढे घेऊन गेला होता.

१६ नोव्हें.
झोप नाही, भूक नाही. स्वयंपाक करतानाही तोंडात तेच. कुकरची शिट्टी झाली की वाटतं, वरचा नाही, खालचा. राणी म्हणते, "आई, तू झोपेत बोलत होतीस." काय? "वरचा, वरचा."
हरले तर काय? हा प्रश्न ह्यांना विचारायची हिंमत नाही. स्वतःला विचारते. अंगणात माणसं नसतील. फोन वाजणार नाही. हे दिवसभर घरात, आणि मी. भीती वाटते आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटतं. हे पान कोणी वाचू नये.

१८ नोव्हें.
प्रचार संपला. एकदम शांत. ती शांतताच अंगावर येते.

२० नोव्हेंबर
मतदान झालं. लिहू का नको, असं करत आता बसले.
सकाळी शाळेवर गेलो. फाटकाशी पत्रकार पोरं. राणीने खूण केली, मी चष्मा काढला, ह्यांनी तो आपल्या जाकिटाच्या खिशात टाकला. फोटो झाले. पुरुषांची रांग पुढे सरकली, हे आत गेले. बाहेर आले ते माझ्याकडे न बघताच गाडीकडे निघाले. हाक मारायची राहून गेली. माझा नंबर आला. शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिले तेव्हा कळलं, चष्मा ह्यांच्या खिशात.
सगळं धूसर. दोन पेट्या. दोन काळे डाग, ते फोटो असावेत. मनाशी म्हटलं, कुसुम, वरचा नाही. वरचा नाही. वरचा. दहा-बारा दिवस घसा फोडला, आणि ऐन वेळी तोंडात एकच शब्द उरला. बोट गेलं. शिट्टी वाजली. काचेमागे चिठ्ठी आली, वाचेपर्यंत पडली. वाचता येतच नव्हती.
की त्या क्षणी मला तो चक्कीवाला आठवला? खुर्ची पुसणारा? आठवला होता, एवढं नक्की. आधी की नंतर, ते नाही सांगता येत.
जेवताना ह्यांनी विचारलं, "बरोबर दाबलं ना?" मी म्हटलं हो. मग मी विचारलं, "तुम्ही?" तर टीव्हीचा आवाज वाढवला.

२१ नोव्हें.
कोणालाच सांगता येत नाही. राणीलाही नाही. अख्ख्या तालुक्याला शिकवणारी बाई! समजा एका मतानेच गेलं तर?

२३ नोव्हेंबर
मोजणी. सकाळपासून देवापुढे दिवा, टीव्ही चालू. कधी हे पुढे, कधी डॉक्टर. फ्रिजलाही बरीच पडतायत, लोक चुकतायत. की चुकत नाहीयेत?
दुपारी मांडवाबाहेरून रामेश्वरचा फोन. "वहिनी, आपलं गाव निघालं. कपाटले भरभरून हाय. पण आपल्याच बूथवर फ्रिजले दोन मतं गेली."
"दोन?"
"हाव, दोन. भाऊले आताच सांगतलं. काहीच नाही बोलले."
दोन. एक माझं, धरलं तर. मग दुसरं?
आणि मला ह्यांचा तो हात दिसला, लांब करून उलटा नमुना बघणारा.
आत्ताच ह्यांचा फोन येऊन गेला. मागे गलका. थोडक्यात मागे आहेत, शेवटची फेरी राहिली आहे. मला वाटलं ओरडतील. आवाज चढलेला नव्हता, उलट अगदी घरातला.
"कुसुम, आपल्या बूथवर दोन मतं तिकडं गेली."
"ऐकलं."
फेरीचा भोंगा वाजला तिकडे. मग हळूच म्हणाले, "कोणाची असतील?"
मी म्हटलं, "पाहते."