व्यवसायाचा रकाना

आई, आज सकाळी तुझ्या सुनेने माझ्यापुढे विम्याचा फॉर्म ठेवला आणि म्हणाली, "अक्षर चांगलं आहे ना तुमचं, मग भरा." संस्कृत शिकल्याचा एवढाच उपयोग या घरात उरला आहे. तू गेल्यावर खानावळ बंद होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणारी कंपनीतली पोरं तुझ्या तेराव्याला जेवून गेली आणि चौदाव्या दिवशी रिकामे डबे घेऊन दारात उभी राहिली. तुझ्या सुनेने डबे भरले, ते आजतागायत भरतेच आहे. आता ती तुझ्यापेक्षा जास्त डबे देते आणि भाकरी तुझ्यापेक्षा पातळ करते. तू असतीस तर पहिल्या गोष्टीबद्दल गप्प बसली असतीस आणि दुसरीबद्दल आठवडाभर बोलली असतीस.

फॉर्म घेऊन आलेली एजंट माझी जुनी विद्यार्थिनी. माझ्या वर्गात तिला एक शब्द धड चालवता आला नाही, पण विमा तिने असा समजावला की मीच बाकावर बसल्यासारखा ऐकत राहिलो. घराचा विमा तो घराचा: भिंती, छप्पर, कपाट, टीव्ही. घरात बसून तुम्ही धंदा करत असाल तर धंद्याचा फ्रीजर, ग्राइंडर, शेगड्या, भरून ठेवलेलं धान्य त्यात सहसा येत नाही. त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं आणि त्याआधी, धंदा आहे हे कबूल करावं लागतं. डबा खाऊन कुणाला बाधलं आणि त्याने भरपाई मागितली तर त्याचं संरक्षण आणखी वेगळं. मी कागद चाळले. आपल्या सूत्रग्रंथांची आठवण झाली, नियम एका ओळीत आणि अपवाद चार पानं. तेवढ्यात तुझी सून तिला म्हणाली, "सगळं खरं लिहायचं बाई. आमच्या सासूबाईंनी धंदा लपवला आणि पुरात स्वयंपाकघर गेलं ते गेलंच." मग माझ्याकडे वळून, "हो ना हो?" मी मान हलवली. ती मान हलवल्यापासून मला काही सुचत नाहीये, म्हणून तुला लिहायला बसलो.

पहिला फॉर्मही मीच भरला होता. मी पुण्याहून नुकताच पदवी घेऊन आलोय, नोकरीचा पत्ता नाही, आणि घरातली सर्वांत बिनकामाची वस्तू मी आहे. तो जुना एजंट ओटीवर चहा पितोय. मी एकेक प्रश्न वाचतोय आणि तू आतून भाकरी थापता थापता उत्तर देतेस. घरात काही व्यवसाय चालतो का, हे मी जरा हळूच वाचलं. तू पिठाच्या हातांनी दारात आलीस. "चालतो का म्हंजे? खानावळ हाय आपली. तसं लिही." मी 'लिहितो' म्हणालो आणि 'नाही' लिहिलं.

कारण विचारशील तर फार मोठं नव्हतं. शिजवलेलं अन्न विकणं हलकं, असं मी जाड जाड पुस्तकांत वाचून आलो होतो. आणि ती पुस्तकं ज्या पैशांतून घेतली ते कुठून आले, हे त्यांत कुठे लिहिलेलं नव्हतं. महाडच्या शाळेत अर्ज टाकला होता, नात्याच्या एका घरात लग्नाची बोलणी सुरू होती. खानावळवालीचा मुलगा असं माझ्याच अक्षरात कागदावर उमटायला नको होतं. तुला सही येत होती, वाचता येत नव्हतं. तू सही केलीस, पेनाला लागलेलं पीठ पदराने पुसलंस आणि मला म्हणालीस की काय सुंदर अक्षर आहे रे तुझं.

मग ज्या वर्षी नदी माळ्यापर्यंत आली ते वर्ष. पाणी ओसरल्यावर एजंटने निरोप धाडला की सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत कशाला हात लावू नका. मी तो निरोप तुला शब्दशः सांगितला. तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू मी काही अभद्र बोललो. घरी माणूस यायचा आणि त्याला चिखलात बसवायचं? दुसऱ्या पाळीची आठ पोरं बोलावलीस, दोन दिवस घमेल्यांनी गाळ उपसलास, भांडी चिंच-राखेने घासलीस, भिंतीवरची पाण्याची खूणसुद्धा ओल्या फडक्याने पुसून काढलीस. सर्व्हेअर आला तेव्हा घर दिवाळीला असतं त्याहून स्वच्छ होतं. तो बिचारा कॅमेरा घेऊन नुकसान शोधत हिंडला. तू त्याला बसायला पाट दिलास आणि कुळथाचं पिठलं वाढलंस.

ते खाऊन तो मागच्या अंगणात गेला. तिथे उलटा पडलेला फ्रीजर, गाळाने भरलेला ग्राइंडर आणि पोचे आलेली मोठाली पातेली होती. एवढी भांडी कशाला, असं त्याने सहज विचारलं. "चाळीस पोरं जेवतात माझ्याकडं," तू म्हणालीस, आणि ते म्हणताना ताठ उभी राहिलीस. त्याने पिशवीतून फॉर्म काढला. "मावशी, इथे तर व्यवसाय नाही असं लिहिलंय."

तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. मग तू त्याला म्हणालीस, "मीच सांगितलं त्याला तसं लिही म्हणून. अडाणी बाई मी, वाटलं कायतरी टॅक्स लागंल." तो हसला. माणूस वाईट नव्हता. भिंती आणि दारं त्याने मंजूर करून घेतली. स्वयंपाकघरातलं काहीच धरता आलं नाही.

पोलादपूरकडच्या तुझ्या माहेरच्या वाडीने गावकीची पातेली टेम्पोत घालून पाठवली, लग्नसराई येईपर्यंत वापर म्हणून. पातेली मिळाली, ग्राइंडर कुठून मिळणार? वर्षभर तू चाळीस माणसांचं वाटण पाट्यावर वाटलंस. तुझा उजवा खांदा त्या वर्षी जो धरला तो शेवटपर्यंत सुटला नाही. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की तू म्हणायचीस, "तुझ्या त्या पुस्तकात खांद्याचा मंतर असंल तर म्हण, नायतर वरवंटा धर." मी कधी वरवंटा धरला, कधी धरला नाही. त्या फॉर्मबद्दल तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. पुढच्या वर्षी सून आली, तिलाही तू हीच गोष्ट सांगितलीस, आपल्याच अडाणीपणावर हसत. तुझ्या मागे तीच गोष्ट ती दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी पोरांना वाढता वाढता सांगते, आणि पोरं हसतात.

आज मी व्यवसायाच्या रकान्यात 'घरगुती खानावळ व डबे' असं लिहिलं. फ्रीजर, दोन ग्राइंडर, शेगड्या, सगळं मांडलं. एजंट म्हणाली, सर, रकाना लहान आहे, एवढं मोठं नका लिहू. ती गेल्यावर मी आत गेलो. तुझी सून पीठ मळत होती. मी तिला सांगितलं की धंदा आईने लपवला नव्हता, मी लपवला होता. आईने तर लिही म्हणून सांगितलं होतं.

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "आणि एवढी वर्षं मी त्यांना नावं ठेवत होते, तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुला वाचता येत असतं तर त्या दिवशी सही करण्याआधीच तू माझा कान धरला असतास, आणि लिहायची वेळ आली नसती. तिला मी उत्तर दिलं नाही, तसाच बाहेर आलो. तुला देतो. आई, ती ते पोरांना सांगायची तेव्हा मी त्यांच्याच पंगतीत बसलेला असायचो. मी जेवत होतो.