शेंदूर लावायला नको होता

१२ फेब्रुवारी, बुधवार
पाया खणायला घेतला एकदाचा. बिनशेती झालं, धरणवाल्यांनीही लिहून दिलं की पूररेषा तुमच्या प्लॉटच्या खालून जाते. आता अडवणारं कोणी उरलं नाही. रज्जाक मिस्त्री बीडहून सकाळीच आले. संतोषला पुण्याला फोन लावला, मीटिंगमधे होता. म्हणाला, "बरं झालं आई. संडास-बाथरूम आत घे, म्हणजे हिला यायला जमेल." सूनबाईंना पत्र्याच्या खोलीत जमत नाही. नव्या घरातल्या दोन्ही खोल्या त्यांच्यासाठीच आहेत, मला एकटीला काय करायच्यात.

१४ फेब्रु., शुक्र.
पूर्वेच्या कोपऱ्यात कुदळ दगडाला लागली. चांगला कमरेइतका, उभा पुरलेला, कोरीव. खाली घोडा नि तलवारवाला गडी, टोकाला चंद्र-सूर्य. रज्जाकभाई बाजूलाच झाले. "सिस्टर, तुमचा देव हाय. मी हात न्हाई लावणार. काय करायचं तुमी सांगा."
काय सांगायचं? माझ्या माहेरी, चकलांब्याला, नांगराला असला दगड लागला की आधी आंघोळ, मग तेल-शेंदूर, मग बाकीचं जग. तेच केलं. मजुरांकडून लिंबाखाली उभा करून घेतला, दोन हात शेंदूर दिला, नारळ फोडला. लई देखणा दिसायला लागला. मला बरं वाटलं. घराला राखण झाली म्हटलं.

१८ फेब्रु., मंगळ.
शेजारची कौसाबाई दिवा घेऊन आली, मागनं आणखी चार-पाच जणी. कोणीतरी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकलाय. बाया बसल्या, बोलल्या, पाणी पिऊन गेल्या.
ह्या पाली गावातली निम्मी लेकरं माझ्या हातावर झाली. नोकरी होती तोवर दार वाजायचं थांबत नव्हतं. रिटायर झाले आणि सगळे रस्त्यात नुसतं "बरं हाय का सिस्टर" म्हणून पुढं. आज बसले तरी.

२१ फेब्रु., शुक्र.
तलाठी आले. फोटो फिरत फिरत तहसीलला, तिथून पुरातत्त्वच्या हापिसात. काम बंद! जमिनीतून जुनं काही निघालं की लगेच कळवायचं असतं, जागचं हलवायचं नसतं, त्यांची माणसं बघून जाईपर्यंत मातीला हात लावायचा नसतो. मी म्हटलं, डोस कोणता कधी द्यायचा ते झोपेत विचारा, पण हे मला कोण सांगणार होतं? ते बिचारे म्हणाले, मलाही परवाच कळलं.
रज्जाकभाईंनी पाट्या-फावडी गोळा केली. रमजानच्या आधी दुसरीकडं काम धरतो म्हणाले. त्यांचं खरंय, त्यांना घर आहे.
संतोषला सांगितलं. "आई, तुला कुणी सांगितलं होतं शेंदूर फासायला?" फोन ठेवला. मीच ठेवला.

२५ फेब्रु., मंगळ.
आज अंगण भरलं. कप कमी पडले, पेल्यात चहा दिला. एकीला चक्कर आल्यासारखं झालं म्हणून पेटीतलं बी.पी.चं मशीन काढलं, तर सगळ्यांनीच दंड पुढं केले. कौसाबाईचं जास्त निघालं. मीठ कमी कर म्हटलं तर म्हणते, देवापुढं तरी खरं बोलू नका. किती दिवसांनी हसले. जाताना भाकरी, ठेचा, वांग्याचं कालवण ठेवून गेली.
खड्डा तसाच उघडा आहे. चहा गाळताना त्याच्याकडं पाठच केली.

५ मार्च, बुध.
संभाजीनगरहून पुरातत्त्वच्या मॅडम आल्या. वयानं संतोषपेक्षा लहान, उन्हात टोपी घालून तासभर दगडापुढं बसल्या. वीरगळ म्हणतात ह्याला. गावासाठी, गुरांसाठी लढून मेलेल्याचा दगड. तीन पट्ट्या असतात म्हणे. खाली लढाई, वर देवाची पूजा, नि मधे अप्सरा त्याला धरून वर नेतात. पण मधली पट्टी शेंदरानं बुजलीय.
ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "नुसता दगड असता तर त्याच दिवशी नेला असता. आता लोकांचा देव झालाय. गावाशी भांडून नाही नेणार. पण जागा तुमची आहे. तुम्ही हो म्हणालात तर गावाला मी समजावते."
दगड नेला, दोन खड्डे घेऊन बघितले, खाली काही निघालं नाही, तर दोन-तीन महिन्यांत परवानगी. नाही नेला तर सगळं तसंच लटकणार, किती दिवस ते त्यांनाही माहीत नाही. तोवर शेंदूर नको, तेल नको.
मी विचार करते म्हटलं. विचार कसला. घर पाहिजे मला.

११ मार्च, मंगळ.
बायांना सांगितलं, दगड न्यायला हो म्हणणार आहे. तेल नको म्हटल्यावर आधीच खट्टू झाल्या होत्या. मी म्हटलं, नीट जपतील, काचेत ठेवतील, आपण बघायला जाऊ. कौसाबाई उठता उठता म्हणाली, "देव गेल्यावर आमी कशापायी यावं सिस्टर तुमच्याकडं?"
भांडायला म्हणाली नाही. खरंच विचारत होती. मी पेले विसळायला घेतले.

१३ मार्च, गुरु. होळी.
एका माणसाची पुरणपोळी करायची म्हणजे पुरणाचा अपमान. तरी केली. एक दगडापुढं ठेवली, एक खाल्ली.
संतोषला फोन केला. तीन महिन्यांत परवानगी, दिवाळीपर्यंत घर उभं करते, मग याल ना? म्हणाला, "आई, आत्तापासून काय सांगू. पोराची शाळा, हिची नोकरी... बघू."
बघू.
हा शब्द मला नका शिकवू. पेशंट हातचा चालला की आम्ही बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना हेच म्हणायचो. आवाजही तोच.
रडले. लिहून ठेवते, लपवायचं कोणापासून.

१८ मार्च, मंगळ.
दगड न्यायची गाडी आज बीडपर्यंत आलीय. मॅडम म्हणाल्यात, फोन करते, तुम्ही हो म्हणालात तरच पालीला वळवू.
सकाळपासून एकही बाई नाही. गावात कळलेलं दिसतंय. कौसाबाईचं दार उघडं आहे, ती काही बाहेर येत नाही.
मॅडमनी सांगितलं होतं तसं मऊ कोरड्या फडक्यानं मधली पट्टी हळूहळू पुसत बसले. वरचा शेंदूर पापुद्र्यानं निघाला. दोघी दिसल्या. एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं, काखेत हात घालून त्याला उचलतायत. बाळंतिणीला खाटेवरून आम्ही अशाच उतरवायचो. मेल्यावर का होईना, ह्याला न्यायला दोघी आल्या.
चहा मोठ्या पातेल्यात टाकलाय, आलंच कोणी तर.
फोन वाजतोय. मॅडमचा असेल, नाहीतर संतोषचा. एवढं लिहून झालं की बघते.