रुपाच्या लग्नाला रोल मिळणार नाय

नाय म्हणजे नाय लडकूमामा, कॅमेऱ्याचा रोल मी पाठवणार नाय, आणि तुमी परत फोन करून तेच बोलणार असाल तर फोन पण उचलणार नाय. आता नमस्कार घ्या. तुमची तब्येत बरी असेल, लहानीमामी गुडघ्याला मी पाठवलेलं तेल लावत असतील (नसतीलच). मी इकडे बंगलोरला खुशाल आहे. फोनवर तुमी माझं अर्धं ऐकून कट करता, म्हणून आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला लिहायला बसावं लागलं. पत्र कट करता येत नाय. फाडता येतं, पण वाचल्याशिवाय तुमी फाडणार नाय.

मी इतकंच बोललो होतो की इथं रोलचे कॅमेरे परत आलेत. तेवढ्यावरून तुमी देव्हाऱ्याशेजारचा कॅमेरा खाली काढलात आणि मांडवात रुपाचे फोटो तिचा बापच काढणार असं साऱ्या मुरबाडला सांगून मोकळे झालात. पण ते कोणाकडे परत आलेत ते तर ऐका. मी ज्या दुकानात रोल धुतो तिथं येणारी ही पोरं. खांद्याला कापडी पिशवी, पँट घोट्याच्या वर, मिशा आपल्या आजोबांच्या वेळच्या, आणि उन्हातान्हात डोक्यावर लोकरीची टोपी. खिशात लाखाचा फोन असतो. तरी रोलवर फोटो काढतात, आमाला धुवायला देतात, आमी ते कॉम्प्युटरवर चढवून त्यांच्याच फोनवर पाठवतो आणि मग ते फोनमध्ये बघून म्हणतात, फोनला ही मजा नाय. मुदत संपलेला रोल दुप्पट भावाने घेतात (मुरबाडच्या मेडिकलवाल्याने मुदत संपलेलं खोकल्याचं औषध दिलं होतं तर तुमी स्टँडपर्यंत आरडाओरडा केला होता). एकजण तर रोल लिंबाच्या रसात उकळून आणतो. मामी बोंबलाला लिंबू लावतात ते समजतं, रोलला कशाला? तर म्हणे रंग वेगळे येतात. येणारच, आमची टाकी पण वेगळी झाली, दोन दिवस घासत होतो.

दर रविवारी दुकानात यांची बैठक भरते, रोलच्या फोटोचं पुढं काय होणार म्हणून. मी चहा देतो. चार रविवार ऐकून मला कळलं ते असं, की जोवर यांच्या बापांकडे पैसा आहे तोवर रोलला मरण नाय. एका रविवारी मला पण विचारलं, तुमच्या गावाकडे कोण फोटो काढायचं का. मी तुमचं नाव सांगितलं. दसऱ्याला तुमी कॅमेऱ्याची पूजा करता आणि कुंकू नेमकं काचेवरच लावता (पुसत कधी नाय, देवाचं म्हणून), त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या तांबड्या धुक्यात उभ्या आहेत, हे सांगितलं. बुधू पाटलाच्या लग्नात एकूण एक माणूस फोटोत मानेपर्यंतच आला आणि बुधू काठी घेऊन तुमाला शोधत होता तेव्हा तुमी शहापूरच्या गाडीत सीटखाली बसला होतात, हे पण सांगितलं. मला वाटलं हसतील. पण मामा, कोणी हसलं नाय. त्यांच्यातल्या एका टोपीवाल्याने छातीवर हात ठेवला. पुढच्या रविवारी पाचजण कॅमेरे घेऊन आले आणि मला कुंकू लावायला लावलं. पाची कॅमेऱ्यांच्या काचा वाया गेल्या. पोरं खूष, आणि त्याहून मालक खूष, कारण आता तो कुंकवाची डबी काउंटरवर विकायला ठेवतो.

ज्यासाठी तुमाला पाव्हण्यांनी जेवणाच्या पंगतीतून उठवलं, त्याला ही पोरं कला म्हणतात. म्हणून तुमाला जोर चढू नये यासाठी पुढचं सांगतो. माझ्या पाकिटात म्हशाच्या जत्रेतला फोटो असतो, तुमी काढलेला. मी आयच्या कडेवर रडतोय, मागे कोणाचा तरी बैल शिंगांसकट पूर्ण, आणि आय मानेपर्यंत. टोपीवाल्याने तो बघितला आणि डोळे मिटून म्हणाला, चेहरा नाय म्हणून तर ती सगळ्यांची आई वाटते.

"सगळ्यांची नाय," मी म्हटलं, "माझीच होती. आणि मला आता तिचा चेहरा आठवत नाय."

त्याला ते फारच आवडलं. मोठा करून भिंतीवर लावू का विचारत होता. मी फोटो पाकिटात घातला आणि चहाचे कप गोळा केले. तेव्हा मामा, राग धरू नका. सर्वांना नमस्कार.

तुमचा भाचा,
शाम

ता. क. कॅमेरा विकायचा विचार झाला तर काचेवरचं कुंकू पुसू नका. टोपीवाला कुंकवासकट घेतो म्हणतो.

ता. क. रुपा सांगत होती तुमी माझा फोटो बघून हसलात. ती टोपी मी थंडीसाठी घेतली आहे.

ता. क. रोलचं रुपाने मला काही सांगितलं नाय, तिला बोलू नका. ती फोनवर रडत होती ते सर्दीने. मांडवात तुमी कॅमेरा गळ्यात अडकवून मिरवा, सगळ्यांना ओळीत उभं करा, पुढे व्हा, मागे व्हा करा, बटण पण दाबा, बापाचा मान तुमचाच. फक्त आत रोल नको. तुमच्या मागे मुरबाडचा शेखर त्याचा कॅमेरा घेऊन उभा राहील, मी त्याच्याशी बोललोय. त्याला हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं काढायला सांगितलंय आणि रुपाचा चेहरा जवळून, कपाळापासून हनुवटीपर्यंत. उद्या तिची पोरं विचारतील तेव्हा दाखवायला असावा. त्याच्यासाठी साडेअकरा हजार पाठवतोय.