परक्या पोरीचा मंगळ

आई, मी तिसरीपर्यंत शिकलेली आणि तू शाळेत कधी गेलीच नाहीस, म्हणून शुद्धलेखनाची काळजी न करता लिहितेय. तू गेलीस तेव्हा मी घरातली धाकटी सून होते. आता मीच सासू आहे, आणि राहते कुठे, तर अमेरिकेत, बॉथेल नावाच्या गावात, लेकाच्या घरी. माझी सून कोरियाची. जन्माने तिकडची, वाढली इथल्या गोऱ्या आईबापांकडे, त्यांनी दत्तक घेतली म्हणून. अनाथ आहे, मागे कोणी नाही, असं तिकडच्या लोकांनी त्यांना लिहून दिलं होतं. त्यांनी जीव लावून वाढवली. मी सगळ्यांना नावं ठेवते, पण त्यांना नाही.

लेकाने लग्नाचं काढलं तेव्हा मी म्हटलं, कोरियाची असो नाहीतर चंद्रावरची, पत्रिका बघितल्याशिवाय होणार नाही. तो म्हणाला, "आई, यार, ती ख्रिश्चन घरात वाढलीय." मी म्हटलं, "ग्रह काय चर्चला जातात?" हिने बिचारीने दत्तकाच्या कागदांवरची जन्मतारीख दिली, वेळसुद्धा दिली. गुरुजींनी पत्रिका मांडली. गुण जुळले, पण मंगळ निघाला, कडक. मग मी इथे आल्या आल्या हिला नऊवारी नेसवून मंगळाची शांत करायला बसवली. होमाचा धूर झाला तसा छतावरचा भोंगा बोंबलायला लागला. लेक स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतोय, हिच्या डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि ही गुरुजींच्याही आधी "स्वाहा" म्हणून मोकळी होतेय. त्या दिवशी मला ती आवडली. तिला मी तसं सांगितलं नाही, डोक्यावर चढली असती.

गेली काही वर्षं ही आणि हिच्यासारखे पुष्कळजण कोरियाच्या सरकारच्या मागे लागले होते, आम्हाला परदेशी कसं पाठवलं त्याची चौकशी करा म्हणून. मला वाटायचं, घर आहे, नवरा आहे, कशाला उकरायचं? गेल्या आठवड्यात मी ओट्याशी भेंडी चिरत होते. ही टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली, पडद्यावर तिकडची चौकशीवाली बाई आणि एक दुभाषी मुलगी. इंग्रजी मला कळत नाही, पण हिचा चेहरा कळतो. बोलणं संपलं तरी ही हलेना.

"काय झालं गं?"

"आई, ती डेट माझी नाही."

"कसली डेट?"

"बर्थडेट. नावपण नाही. दुसऱ्या मुलीचं आहे सगळं. ती तिकडे अनाथाश्रमात वारली. तिचं जायचं रेडी होतं, मग तिच्या जागी मला पाठवलं."

भेंडी तशीच राहिली. आई, माणसं खोटं बोलतात ते मी सगळ्या तऱ्हांनी ऐकलंय, दोन तऱ्हा मला स्वतःलाही येतात. पण हे? मोठीचा फ्रॉक धाकटीला घालावा तसा मेलेल्या पोरीचा जन्म जिवंत पोरीला घातला! त्या मेलेलीसाठी कुणी रडलं तरी असेल का? आणि मी शांत केला तो मंगळ त्या पोरीचा. दरवर्षी त्याच तारखेला हिला ओवाळते, तेही तिचंच. हिचे ग्रह कुठले, हिची तारीख कुठली, देव जाणे.

पुढचं तर त्याहून वाईट. ही अनाथ नव्हतीच. बाजारात चुकली, कुणीतरी पोलिसांकडे दिली, तिथून आश्रमात गेली. नंतर एक बाई हिला शोधत त्या आश्रमाच्या दारात आली. तिला सांगितलं, अशी मुलगी इथे नाही. ते खोटंही नव्हतं म्हणा, हिला आधीच विमानात घालून झालं होतं.

मला आपला आठवडी बाजार दिसायला लागला. मी हरवलेय आणि कासारणीच्या मांडीवर बसून मजेत गूळ खातेय. तू येतेस, केस सुटलेले, पायात चप्पल नाही. कासारीण हसत म्हणते, "ठेवून घेऊ का गं हिला?" तू मला फाडकन मारतेस आणि तिला अशा शिव्या देतेस की बाजूचा मिरचीवाला उठून उभा राहतो. त्या थपडेचा राग मी कित्येक वर्षं धरला होता. गूळही सांडला होता ना.

आता तिकडची ती चौकशी अर्ध्यावर बंद पडलीय. नवी बसणार, त्यासाठी नव्याने अर्ज. ही म्हणते, "मी नाही करत. इनफ." लेक मला बाजूला घेऊन सांगतो, "आई, तिला फोर्स करू नकोस, थोडी स्पेस दे." मी म्हटलं, "वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत, अजून किती जागा देऊ?" आणि तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "मी बाजारात हरवले तर माझी आई घटकाभरात वेडीपिशी झाली होती. ती बाई दारापर्यंत आली होती ना? तू गप्प बसलीस तर दारावरच्या माणसाने तिला सांगितलं तेच खरं ठरेल. अशी मुलगी नाहीच."

 तिने लॅपटॉप ओढला. जन्मतारखेपाशी अडली. "इथे काय लिहू?"

"लिही, तुम्हालाच ठाऊक, तुम्हीच सांगा."

त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली, आणि खरंच तसं लिहिलं. अर्ज गेला.

आज सकाळी देवापुढे बसले. म्हटलं, त्या बाईसाठी मागावं, जिवंत असू दे, सापडू दे. दिवा लावला, हात जोडले, आणि तोंडातून शब्द निघेना. ही मला आई म्हणते गं. मोडक्या मराठीत म्हणते, पण म्हणते. ती बाई सापडली तर तो शब्द तिचा. तरी अर्ज मीच करायला लावला आणि परत लावीन, त्यात बदल नाही. पण देवाकडे मागितलं नाही. नुसती बसून उठले. हे मी इथे कुणाला सांगणार नाही. तुलाही, हातात कागद देता आला असता, तर दिला नसता.